बरणीवरची शेंडी

अप्पांचा कारखाना म्हणजे तळमजल्यावरच्या चार खोल्या. एकीत तेलाची पिंपं, दुसरीत मिक्सिंग, तिसरीत बरण्या भरायच्या आणि चौथीत अप्पांची खुर्ची. वरच्या मजल्यावर घर. जिना उतरलं की नोकरी, चढलं की संसार. खालचं भांडण वर न्यायचं नाही असं घरात ठरलेलं होतं, आणि ते रोज न चुकता वर जात होतं, कधी कधी तर भांडणाऱ्यांच्याही आधी.

भांडणाऱ्या दोन, अप्पांच्या सुना. थोरली लग्न होऊन आली त्या वर्षीच मिक्सिंगच्या खोलीत शिरली आणि मग बाहेर निघालीच नाही. धाकटी आली ती रसायनशास्त्र शिकून, एका मोठ्या कंपनीच्या लॅबमध्ये काम करून, आणि साड्यांच्या बॅगेत सूक्ष्मदर्शक घेऊन. त्या एकमेकींना पाण्यात पाहत होत्या असं मात्र म्हणता येणार नाही. पाण्यात पाहायला सवड हवी, आणि इथे दिवसभर क्रीम ढवळावं लागतं.

आता क्रीम म्हणजे शेवटी काय, तर तेल आणि पाणी. त्या दोघांचं पटत नाही हे जगाला ठाऊक आहे. मध्ये कोणीतरी घालावं लागतं, जे एका हाताने तेलाला धरून ठेवील आणि दुसऱ्या हाताने पाण्याला. पुस्तकात त्याला इमल्सिफायर म्हणतात, अप्पा त्याला मध्यस्थ म्हणत. स्वतः अप्पांनी आपल्या सुनांमध्ये मध्यस्थी केल्याचं मात्र कोणाच्या ऐकिवात नव्हतं. काहीही विचारा, त्यांचं उत्तर एकच, "बघू या." म्हणून दोन्ही सुना त्यांच्या माघारी त्यांना 'बघू या' म्हणत. दोघींचं एकमत होतं ती गोष्ट एवढीच.

थोरलीचा मध्यस्थ मेणाचा. त्यावर बनलेलं क्रीम टिकाऊ, इतकं टिकाऊ की हातावरूनही जात नसे. ती बरण्या हाताने भरायची आणि शेवटी मनगटाला असा काही झटका द्यायची की क्रीमवर एक छोटीशी शेंडी उभी राहायची, टोकाला उजवीकडे वळलेली. जुनी गिऱ्हाइकं झाकण उघडून आधी शेंडी बघत.

"ताई, त्या शेंडीमुळे क्रीम झाकणाला चिकटतं आणि वाया जातं," धाकटी एकदा म्हणाली होती. ती स्वतः बरणी भरली की वर सुरीच्या धारेने सपाट करायची.

"शेंडी असली की कळतं, माणसाने भरलंय," थोरली म्हणाली. "तुझ्या बरणीकडे बघितलं की वाटतं, इस्त्री करून आणलंय."

असं सगळं नीट बिघडत चाललं होतं, तेवढ्यात एका इस्पितळाची मेट्रन कारखान्यात आली. तिच्या नर्सबाया दिवसभर हात धुऊन धुऊन बेजार झालेल्या, बोटं भेगाळलेली. तिला सगळ्या वॉर्डांसाठी हाताला लावायचं क्रीम हवं होतं. थोरलीने मोठ्या अभिमानाने आपलं क्रीम पुढे केलं. मेट्रनने ते चोळलं, हात उलटा सुलटा करून बघितला आणि म्हणाली, "छानच आहे हो. पण आता मी दाराची कडी कशी उघडू?"

धाकटी तिथेच म्हणाली की साखरेपासून बनवलेला एक इमल्सिफायर आहे, त्याचं क्रीम हातात मुरतं, हातमोजा पण चढतो. मेट्रनचे डोळे चमकले. आणि थोरली बोलून गेली, "आपल्याकडे असं नाही करत."

या चार शब्दांनी धाकटीचा तोल गेला. भाजी चिरण्यापासून पिंपाचं झाकण लावण्यापर्यंत हे चार शब्द तिने इतक्यांदा ऐकले होते की त्यातलं 'आपल्याकडे' ऐकलं की तिला आपण पाहुणी आहोत असं वाटे. ती जिन्यात उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ठीक आहे. तीन महिने बरणी ठेवते. टिकली तर मी पण इथे टिकेन. फुटली, तेल-पाणी वेगळं झालं, तर माझ्या जुन्या लॅबमधून बोलावणं आलेलंच आहे. मी जाते, मग बसा तुम्ही मेण उकळत!"

तिचा नवरा, म्हणजे घरातला धाकटा, "अगं, पण..." एवढंच म्हणाला. तो गाडीवरून माल पोचवायचा आणि घरातल्या वादात कोणाचीच बाजू पोचवायचा नाही. अप्पा काय म्हणाले ते सांगायला नकोच. थोरली भांडं घासत राहिली. धाकटी रागात बोलली होती, पण खोटं बोलली नव्हती. जायचं तिच्या मनात खरोखर येऊ लागलं होतं.

परीक्षा तिने चोख मांडली. तेल तेच, पाणी तेवढंच, ढवळणं सारखंच, बदल फक्त मध्यस्थाचा. एक थोरलीचं मेण, एक तिची साखर, आणि तिसरी एक पिवळट पूड, जी एका एजंटाने फुकट दिली होती म्हणून अप्पांच्या फार मनात भरली होती. कोणी पक्षपात करू नये म्हणून बरण्यांवर नावं न लिहिता दोरे बांधले: तांबडा, निळा, पिवळा. कोणता दोरा कोणाचा हे अर्थातच घरात सगळ्यांना पाठ होतं. एकेक बरणी फळीवर, एकेक फ्रिजमध्ये, आणि एकेक उबेच्या कपाटात. ते कपाट म्हणजे उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीसारखं. थंडीत महिनोन्महिने गोडीगुलाबीने राहणारी क्रीमं तिथे खरे गुण दाखवतात.

"आता हात कोणी लावायचा नाही," धाकटीने बजावलं. "काचेतून नुसतं बघायचं. वर साय धरते का, तेलाचे डोळे दिसतात का, तळाला पाणी सुटतं का. झाकण मीच उघडणार, दुपारी जेवण झालं की, तेही थेंबभर काढून सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली बघायला."

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" थोरली म्हणाली. "फुटलेलं क्रीम उघड्या डोळ्यांनी दिसतं."

"फुटायच्या आधी दिसत नाही ना, ताई. काचेखाली तेलाचे थेंब दिसतात. ते मोहरीसारखे बारीक आणि एकसारखे राहिले तर समजायचं सगळं ठीक. एकमेकांत मिसळून मोठे व्हायला लागले की समजायचं, घर फुटणार."

पिवळा दोरा पहिल्याच आठवड्यात गेला. वर तेल, खाली पाणी, मध्ये चिखल, आणि वासही असा की धाकट्याने खोलीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. अप्पांनी बरणी उजेडात धरली आणि म्हणाले, "बघितलं." हा शब्द त्यांच्या तोंडून भूतकाळात पहिल्यांदाच निघाला होता.

तांबडा, थोरलीचा, जसाच्या तसा. त्याचं कोणाला नवल नव्हतं. नवल निळ्याचं होतं. तोही उबेच्या कपाटात एखाद्या शहाण्या मुलासारखा बसून होता. तळाला पाणी नाही, वर साय नाही. धाकटी दुपारी बरणी फिरवून फिरवून बघायची आणि तिला मनातून गुदगुल्या व्हायच्या.

काचेखाली मात्र काहीतरी वेगळं दिसू लागलं होतं. मोहरीच्या दाण्यांत मधूनच एखादा वाटाणा. मग दोन वाटाणे. मग वाटाणेच जास्त. दुसऱ्या कोणाचं क्रीम असतं तर धाकटीने जागच्या जागी निकाल दिला असता. स्वतःचं होतं म्हणून तिने काच पुसली. मग भिंग पुसलं. मग दिव्याचा बल्ब बदलला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तिने शाळेत पाठ केली होती, पण ती आपल्याला कधी लागू पडेल असं तिला कुठे माहीत होतं!

थोरली अलीकडे फार गोड वागत होती. 'आपल्याकडे असं नाही करत' तिच्या तोंडून जवळजवळ बंदच झालं होतं.

"कसं आहे गं तुझं निळं?" ती अधूनमधून विचारायची.

"जसंच्या तसं!"

"वा!" असं म्हणून ती आपल्या हाताकडे बघायची. धाकटीला वाटायचं, बाईंनी मेणावर पाणी सोडलं एकदाचं. आणि जिंकल्याच्या आनंदात तिला थोरलीची थोडी दयाही यायची. जिंकणाऱ्याची दया ही एक भारी सुखाची गोष्ट असते.

निकालाचा दिवस आला. मेट्रन सकाळीच येणार होती, म्हणून धाकटी दुपारची वाट न बघता चहा अर्धा टाकून खाली उतरली. उबेचं कपाट उघडलं, निळ्या दोऱ्याची बरणी काढली, झाकण फिरवलं.

क्रीमवर शेंडी उभी होती. छोटीशी, टोकाला उजवीकडे वळलेली.

धाकटी बघतच राहिली. या इमारतीत असं एकच मनगट होतं. दुपारपर्यंत कपाटाच्या उबेने ती शेंडी विरघळून बसत असणार, म्हणून आजवर तिला दिसली नव्हती. तिचं डोकं एकदम तापलं. ताईंनी क्रीममध्ये काहीतरी घातलं! बिघडवायला! पण बिघडलं कुठे होतं? बरणी तर लख्ख होती.

मग तिला आठवलं. पहिल्या दिवशी उरलेल्या क्रीमची एक जास्तीची बरणी तिने दोरा न बांधताच कपाटात मागे, खोक्याच्या आड सरकवली होती. तिने हात घालून ती काढली आणि खिडकीशी धरली. वर पिवळसर जाड साय, खाली बोटभर पाणी, अगदी आरपार दिसणारं. जिला कोणी हात लावला नव्हता ती बरणी केव्हाच फुटली होती. आणि जी ती रोज दुपारी डोळे भरून बघत होती, तिला रोज सकाळी कोणीतरी ढवळून ठेवत होतं.

काचेखालचे वाटाणे खरे होते. हे तिला माहीत होतं आणि तिने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं, याची तिला आता लाज वाटली.

तिच्या मनात एक विचार येऊन गेला, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. झाकली बरणी सव्वा लाखाची. निळी बरणी दिसायला उत्तम होती. मागची टाकाऊ मालाच्या पिंपात ओतली की संपलं. मेट्रन खूश, मागणी आपल्या नावावर, घरात मान. ताई तर तोंडातून अक्षर काढणार नाहीत. धाकटी दोन्ही हातांत दोन बरण्या धरून तशीच उभी राहिली. मग ती पिंपाच्या खोलीकडे न जाता बरण्या भरायच्या खोलीत गेली.

थोरली पाठमोरी बसून बरण्या भरत होती. मनगटाचा झटका, शेंडी. झटका, शेंडी.

"ताई," धाकटीने निळी बरणी तिच्यासमोर ठेवली, "मला शेंडी लावलीत?"

थोरलीचा हात थांबला. तिने बरणीत डोकावून बघितलं आणि जीभ चावली. "तुला कशाला लावू? बरणीला लावली. हाताची सवय मेली, जात नाही."

"कधीपासून चाललंय हे?"

"पाणी सुटायला लागलं तेव्हापासून." थोरलीने पदराला हात पुसले. "सकाळी कपाट पुसायला गेले, तर तुझ्या निळ्याच्या तळाला पाणी. म्हटलं, ही दुपारी बघणार आणि संध्याकाळी बॅग भरणार. मग घेतला चमचा."

"पण मग मी हरले असते! तुमचं मेण जिंकलं असतं!"

"जिंकून काय करू? मेणाशी गप्पा मारू?" थोरलीचा आवाज एकदम वर गेला. "तू यायच्या आधी मी दिवसच्या दिवस या खोलीत तोंड मिटून काढलेत. नवरा 'हं' म्हणतो, सासरे 'बघू या' म्हणतात. तू आलीस, तर भांडायला तरी कोणी मिळालं. मला तू जायला नको होतीस. बस, झालं समाधान?"

धाकटीच्या डोळ्यांना पाणी सुटलं, आणि ते ढवळून मुरवण्यासारखं नव्हतं. शेवटी तिला सुचलं ते तिच्या धंद्याचंच. "चमचा तरी स्वच्छ घेत होतात ना?"

"उकळून घेत होते! मला काय समजलीस?"

"आणि नर्सबायांच्या कपाटात बरण्या फुटल्या असत्या, म्हणजे? तिथे कोण ढवळणार होतं?"

"तो विचार आला होता गं," थोरली हळूच म्हणाली. "झोप लागायची नाही त्याने. पण म्हटलं, आधी ही राहू दे, मग पुढचं पुढे."

मेट्रन आली तेव्हा अप्पांच्या टेबलावर निळ्या दोऱ्याची बरणी नव्हतीच. तिथे खोक्याच्या आडची बरणी होती. धाकटी सरळ म्हणाली, "हे माझं क्रीम. हातावर चांगलं आहे, पण उबेत टिकत नाही. फुटलं."

"पण काल तर तू म्हणालीस..." अप्पा म्हणाले.

"काल मी नीट बघितलं नव्हतं," धाकटी म्हणाली. थोरलीने तोंड उघडलं, पण धाकटीने टेबलाखालून तिचा पाय दाबला.

मेट्रनने बरणी हलवून बघितली, साय आणि पाणी बघितलं आणि हसली. "म्हणजे एकीचं टिकत नाही, आणि एकीचं निघत नाही."

अप्पा खुर्चीत पुढे सरकले. उंटावरून शेळ्या हाकण्याची त्यांची ही ठरलेली वेळ होती. "मी म्हणतो, दोन्ही मध्यस्थ थोडे थोडे घातले तर?"

"तसं नसतं, अप्पा!" दोन्ही सुना एकदम म्हणाल्या.

मग धाकटीने थोडा वेळ विचार केला. तिचा चेहरा पडला. "म्हणजे... तसं असतंही कधी कधी. एकापेक्षा दोन जोडीने पुष्कळदा घट्ट धरतात. पण मेण किती आणि साखर किती, ते शोधावं लागेल. दर मापाची एक बरणी, आणि प्रत्येक बरणी कपाटात."

"आणि मेण आधी वितळवावं लागतं, तुझ्यासारखं एकदम टाकून चालत नाही," थोरली म्हणाली. "नाहीतर रव्यासारखे कण राहतात."

"ते मला माहीत आहे."

"माहीत असतं तर गेल्या खेपेला..."

"बायांनो," मेट्रन म्हणाली, "तुमचं झालं की मला बोलवा. तोवर हे जुनं द्या. झोपताना लावतील, झोपेत कोणाला कड्या उघडायच्या नसतात."

असा निकाल न लागताच दिवस संपला. बरणी फुटली होती, म्हणजे पैज धाकटी हरली होती, आणि आता पुढे काय हे विचारायची कोणाची छाती होत नव्हती. लॅबला अजून उत्तर गेलेलं नव्हतं. धाकटीने नव्या मापांच्या बरण्या मांडल्या, उबेच्या कपाटाला कुलूप लावलं, आणि किल्ली नेऊन थोरलीच्या हातात दिली.

"मला?" थोरली दचकली. "चोराच्या हाती किल्ली?"

"सकाळी तुम्हीच उघडा. बघायचं आणि मला सांगायचं. हात लावायचा नाही."

थोरलीने किल्ली कमरेला खोचली आणि त्या दिवसापासून ती कपाटासमोर हात पाठीमागे बांधून उभी राहू लागली, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. धाकटी ते जिन्यातून बघायची आणि वर जायची.

मग एके सकाळी जुन्या लॅबच्या बाईंचा फोन आला. जागा फार दिवस रिकामी ठेवता येणार नाही, काय ते आज सांग, असं त्या म्हणत होत्या. धाकटी फोन कानाला लावून खिडकीशी उभी होती. इतक्यात खालून, चारही खोल्या आणि जिना दणाणून जाईल असा आवाज आला.

"अगं, फुटलं! तुझ्या पहिल्या मापाला पाणी सुटलं! मी हात नाही लावला हं! चमचासुद्धा नाही घेतला!"

"काय झालं?" लॅबच्या बाईंनी घाबरून विचारलं.

"काही नाही, माझं क्रीम फुटलं," धाकटी म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. एवढ्या आनंदाने आपलं अपयश कोणी आपल्याला कळवलं नव्हतं.

"अरेरे. मग येतेस ना इकडे?"

"नाही हो. कशी येणार? अजून पुष्कळ बरण्या फुटायच्या आहेत." तिने फोन ठेवला आणि जिन्याच्या कठड्यावरून वाकून ओरडली, "ताई, फुटू दे गं! ढवळू नकोस, मी आलेच!"

म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण थोरल्या जाऊबाईंना चक्क अगंतुगं केलं. ती अर्ध्या जिन्यात थबकली.

"मग ये की लवकर," थोरली खालून म्हणाली. "हात शिवशिवतायत माझे."